चालत्या-फिरत्या कुत्र्याच्या मानेचं ऑपरेशन कशासाठी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहा वर्षांचा, नऊ किलोचा डॅशहुंड. महिन्याभरापूर्वी सकाळी उचलून घेताना एकदम किंचाळला. आधी पोटदुखी समजून औषध झालं. मग मान दुखते आहे हे लक्षात आलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं, चार दिवसांत स्वारी पूर्ववत पळायला लागली. आठवड्याने पुन्हा तेच दुखणं, पहिल्यापेक्षा जास्त. आता एमआरआयमध्ये मानेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामधली गादी फुटून मज्जारज्जूवर दाब आल्याचं दिसतं आहे. एक सर्जन म्हणतात ऑपरेशन करा, तुमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात अजून महिनाभर विश्रांती द्या, आणि घरातले म्हणतात, 'तो चालतोय, दोन वेळा खातोय, मग मानेला सुरी कशाला लावायची?' शिवाय तो सोफ्यावरून उड्या मारायचा, म्हणून हे झालं का, ही रुखरुख तुम्हाला लागून राहिली आहे.

मी कुत्र्या-मांजरांच्या मणक्यांच्या शस्त्रक्रिया करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांमध्ये वाद याच मुद्द्यावर अडलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रुखरुखीचं बघू. सोफ्यामुळे हे झालेलं नाही. डॅशहुंड, बीगल, फ्रेंच बुलडॉग, कॉकर स्पॅनियल अशा जातींमध्ये गादीच्या आतला मऊ गर फार लवकर सुकतो. निरोगी गादीत तो पाणीदार, लवचिक असतो आणि मणक्यांना बसणारे दणके जिरवतो. या जातींत कुत्रा वर्षाचा होईपर्यंतच बऱ्याचशा गाद्यांमधला गर कोरडा पडलेला असतो आणि पुढे त्यात कॅल्शियम साचतं. स्वीडनच्या हान्सेन यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्र्यांच्या गाद्यांचा बारकाईने अभ्यास करून हे दाखवून दिलं. गर एकदम फुटून बाहेर येतो तो पहिला प्रकार आणि गादीचं बाहेरचं कडं हळूहळू फुगून दाबायला लागतं तो दुसरा, ही त्यांनी केलेली विभागणी आम्ही आजही वापरतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना याच्यामागचा जनुकही सापडला. वाढीशी संबंधित एफजीएफ-4 या जनुकाची एक जादा प्रत या कुत्र्यांच्या बाराव्या गुणसूत्रावर असते. म्हणजे तुमच्या कुत्र्याची गादी तुम्ही त्याला घरी आणलंत त्याच वर्षी सुकायला लागली होती. ती सोफ्यावरून उतरताना फुटली नसती, तर अंग झटकताना फुटली असती. यापुढे उड्या बंद करायच्या आहेत, पण झालेल्या गोष्टीचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा. घरातले 'तो चालतोय' हे जे माप लावत आहेत, ते पाठीच्या दुखण्याचं आहे, मानेच्या नाही. डॅशहुंडची पाठीतली गादी फुटते तेव्हा मागचे पाय लुळे पडतात. हे अनेकांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं, त्यामुळे गादीचा आजार किती गंभीर हे पायांवरून ठरवायची सवय लागते. पण पाठीत मज्जारज्जू हाडाच्या नळीत जवळजवळ घट्ट बसलेला असतो, थोडा गर बाहेर आला तरी त्याला सरकायला वाव नसतो. मानेत ही नळी ऐसपैस असते. तिथे बराच गर बाहेर आला तरी मज्जारज्जू बाजूला सरकून आपलं काम चालू ठेवतो. कुत्रा चालत राहतो. मात्र त्या गराने आसपासच्या नसांची मुळं, मज्जारज्जूवरचं आवरण आणि मणक्यांमागचा पट्टा चिडलेला असतो, आणि या सगळ्यांना वेदना समजते. म्हणून मानेच्या आजारात लुळेपणा कमी आणि वेदना भयंकर, असं चित्र दिसतं.

ही वेदना नीट पाहिली नसेल तर आज संध्याकाळी पाहा. भांडं जमिनीवर ठेवा आणि लांब उभे राहा. त्याला भूक असते, तो भांड्यापर्यंत येतो, पण मान खाली नेत नाही, नुसता उभा राहतो. भांडं छातीच्या उंचीवर धरलं की खातो. 'दोन वेळा खातोय' म्हणता, तो हाताने भरवल्यावर खातोय का, हे स्वतःलाच विचारा. हाक मारली की डोकं न वळवता फक्त डोळे वर फिरवून पाहील किंवा सगळं अंग वळवेल. पाठीला बाक, मान खाली आणि पुढे ताणलेली, कान मागे. मानेवर अलगद तळवा ठेवा, दाबू नका. कातडीखाली स्नायू थरथरताना हाताला जाणवेल. काही कुत्रे पुढचा एक पाय उचलून धरतात आणि मालक पायात काटा शोधत बसतात. तिथे मानेतल्या नसेचं मूळ दाबलेलं असतं, कळ पायात उतरते. आणि रात्री तो झोपतो का? माझ्याकडे येणारे कितीतरी कुत्रे रात्रभर उभे असतात, कारण आडवं होतानाच कळ येते. हे सगळं होत असताना तो चालतोच आहे.

म्हणून मी विचारते ते असं: वेदना किती आहे, ती औषधांनी खरोखर आटोक्यात येते का, आणि परत येते आहे का? मानेच्या गादीच्या आजारात आटोक्यात न येणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना हे ऑपरेशनचं पुरेसं कारण आहे. पाय जाण्याची वाट बघायची गरज नाही.

तरीही तुमचे नेहमीचे डॉक्टर चुकीचं सांगताहेत असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच दुखणं आलं असेल, वेदना मध्यम असेल आणि पाय व्यवस्थित पडत असतील, तर विश्रांती आणि औषधांचा एक प्रामाणिक प्रयत्न मीही करते. ऑपरेशनशिवाय उपचार केलेल्या मानेच्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मे बरे होऊन तसेच राहतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं काही काळाने उलटतं आणि काहींना सुरुवातीपासूनच उतार पडत नाही. निम्मे म्हणजे कमी नाही. एवढ्या कुत्र्यांची भूल आणि चीर टळत असेल तर ती टाळायलाच हवी.

पण विश्रांती कशाला म्हणायचं, यावर सगळं अवलंबून आहे. 'आम्ही त्याला फिरायला नेत नाही' ही विश्रांती नव्हे. विश्रांती म्हणजे पिंजरा किंवा बाळाच्या खेळण्याचं कुंपण. त्याला उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल एवढंच मोठं. किमान चार आठवडे, रात्रंदिवस. शी-शूसाठी दिवसातून चार-पाच वेळा पट्ट्याने बांधून चार पावलं बाहेर आणायचं आणि लगेच परत आत ठेवायचं. हा पट्टा छातीच्या हार्नेसला लावायचा. गळपट्टा आजच काढून टाका, तो पुन्हा आयुष्यभर घालायचा नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली, पाठ आणि मान एका रेषेत. काखेत धरून उचलू नका. स्कूटरच्या पायापाशी उभं करून दवाखान्यात आणू नका. रिक्षा किंवा गाडी करा, खड्ड्यातून हळू न्यायला सांगा. अशी विश्रांती त्या महिन्यात झाली का? झाली नसेल तर विश्रांतीने गुण आला नाही असं म्हणता येत नाही, कारण ती दिलीच गेली नव्हती.

तुमच्या बाबतीत घात केला तो स्टेरॉइडनंतरच्या चार दिवसांनी, असं मला वाटतं. स्टेरॉइडने सूज उतरते आणि कुत्र्याला एकदम हलकं वाटतं. पण फुटलेल्या गादीचं कडं चार दिवसांत भरून येत नाही. बरं वाटल्यावर तो पळतो, दिवाणावर चढतो, दारावरची बेल वाजली की झेपावतो, आणि त्याच भेगेतून उरलेला गर बाहेर येतो. दुसरा झटका पहिल्यापेक्षा मोठा असण्याचं हेच कारण. वेदनाशामक द्यायचं आणि कुत्रा मोकळा सोडायचा, यापेक्षा वाईट उपचार मानेच्या गादीला दुसरा नाही. औषधं ही बंदिस्त विश्रांतीच्या जोडीलाच द्यायची.

औषधांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी सूज उतरवणारी वेदनाशामकं एकत्र कधीही द्यायची नाहीत, एकानंतर लगेच दुसरं सुद्धा नाही. मधे काही दिवस मोकळे जावे लागतात. नाहीतर जठरात आणि आतड्यात अल्सर होतात, ते फुटून कुत्री दगावतात. दोन डॉक्टरांकडे जात असाल तर प्रत्येकाने काय दिलं त्याचा कागद दुसऱ्याला दाखवा. दुसरं, घरातलं माणसांचं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. नसेच्या वेदनेवर गॅबापेंटिन आणि स्नायूंच्या पेटक्यांवर मेथोकार्बामॉल उपयोगी पडतं. तुमच्या यादीत ही दोन दिसली नाहीत, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि तेलाने मान चोळून देणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला कुत्र्याला हात लावू देऊ नका. स्नायूंनी मान आवळून धरली आहे ती संरक्षणासाठी. ती बळजबरीने वळवली तर आत दाबलेला मज्जारज्जू चिरडला जाऊ शकतो.

मानेचं प्रत्येक दुखणं गादीचं नसतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. तरुण बीगलला ताप आणि मान ताठ असेल तर मी आधी मेंदूच्या आवरणाच्या सुजेचा विचार करते. ते दुखणं स्टेरॉइडनेच बरं होतं, ऑपरेशनने नाही. लहान पॉमेरेनियनमध्ये पहिल्या दोन मणक्यांचा सांधाच सैल असू शकतो. मणक्यात जंतुसंसर्ग, गाठ, हेही असतं. साध्या एक्स-रेवर गादीची जागा कमी झालेली दिसली तरी तीच दोषी गादी असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण डॅशहुंडच्या अनेक गाद्या एकाच वेळी खराब दिसतात. म्हणून ऑपरेशनपूर्वी एमआरआय किंवा सीटी लागतंच. तुमचा एमआरआय झाला आहे ही मोठी गोष्ट आहे. लहान शहरांतल्या अनेकांना त्यासाठीच पुण्या-मुंबईला यावं लागतं. रिपोर्टवर समाधान मानू नका, मूळ चित्रांची सीडी सर्जनला द्या.

आपल्याकडे आणखी एक तपासणी मी कधीच चुकवत नाही, ती प्लेटलेटची. गोचीड तापात प्लेटलेट खाली जातात आणि कित्येकदा कुत्रा वरून ठणठणीत दिसत असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर तर फारच. मानेच्या या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव हाच सर्वांत मोठा धोका, त्यात प्लेटलेट कमी असणं म्हणजे संकटाला निमंत्रण. मशीनने काढलेला आकडा कमी आला तर काचेवर रक्त पसरून डोळ्यांनी मोजायला सांगा, कारण गुठळ्या झाल्या की मशीन कमी दाखवतं. खरोखर कमी असतील तर आधी तापाचा उपचार, मग ऑपरेशन.

आता ऑपरेशनबद्दल. भीती बरीचशी ते कसं होतं हे माहीत नसल्यामुळे असते, म्हणून थोडं आत घेऊन जाते.

फुटलेला गर बहुधा मज्जारज्जूच्या खाली, म्हणजे घशाच्या बाजूला असतो. त्यामुळे आम्ही पाठीकडून न जाता घशाकडून जातो. याला वेन्ट्रल स्लॉट म्हणतात. कुत्र्याला उताणं झोपवायचं, मान सरळ रेषेत आणि किंचित ताणलेली, तोंड आणि छाती पट्ट्यांनी स्थिर. मान थोडीशी जरी तिरकी राहिली तरी पुढचं सगळं गणित चुकतं, म्हणून मी या मांडणीला भरपूर वेळ देते. घशावर मध्यरेषेत चीर. इथे स्नायू कापायचे नसतात, त्यांच्या मधली फट शोधून ते बाजूला करायचे असतात. त्यामुळे जखम दिसते त्यापेक्षा फार कमी दुखते. श्वासनलिका, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्याबरोबरच्या नसा अलगद बाजूला धरल्या की खोल तळाशी मणके लागतात. मग मोजदाद. पहिल्या मणक्याचा खालचा उंचवटा आणि सहाव्या मणक्याचे दोन्ही बाजूंचे रुंद पंख बोटाला स्पष्ट लागतात. वरून खाली आणि खालून वर असं दोनदा मोजून ठरवायचं, की हीच तिसरी-चौथी. चुकीची गादी उघडली तर कुत्र्याची वेदना आहे तिथेच राहते.

मग बरने, म्हणजे हाड कोरणाऱ्या छोट्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्राने, दोन मणक्यांच्या सांध्यावर एक लांबट खिडकी कोरायची. तिची रुंदी मणक्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश, अर्ध्याच्या पुढे तर नाहीच. नऊ किलोच्या डॅशहुंडमध्ये ही खिडकी काही मिलिमीटरचीच होते. गादी सरळ उभी नसते, आत जाताना डोक्याच्या दिशेने कललेली असते. म्हणून खिडकीही थोडी पुढच्या मणक्याकडे सरकवून घ्यावी लागते. बर चालवताना हाडाचे थर रंगावरून ओळखता येतात. आधी पांढरं कडक हाड, मग लाल, रक्ताळ, सच्छिद्र हाड, आणि पुन्हा पांढरं. हे दुसरं पांढरं दिसलं की हात हलका करायचा, कारण त्याच्यापलीकडे मज्जारज्जू आहे. शेवटचा पापुद्रा बरने नाही, बारीक क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या चिमुकल्या चमच्यासारख्या हत्याराने काढायचा. त्यामागचा पट्टा उघडला की गर दिसतो, ओल्या खडूच्या चुऱ्यासारखा, पांढुरका आणि रवाळ. तो थोडा थोडा करत बाहेर काढायचा. दाब पूर्ण गेला की खिडकीच्या तळाशी मज्जारज्जूचं निळसर पांढरं आवरण वर उचलून येताना दिसतं. ते दिसेपर्यंत काम संपलं असं मी समजत नाही.

खिडकी अरुंद का ठेवायची, हे यावरून कळेल. दोन्ही कडांना मज्जारज्जूच्या बाजूने जाणाऱ्या मोठ्या, पातळ भिंतीच्या शिरा असतात. खिडकी रुंद झाली की त्या फाटतात आणि क्षणात सगळी जागा रक्ताने भरते, तळाचं काही दिसत नाही. अशा वेळी घाई करून काही उपयोग नसतो. जिलेटिनचा स्पंज ठेवून हलका दाब द्यायचा आणि थांबायचं. शिवाय फार हाड काढलं तर मणके खचतात किंवा सरकतात, आणि दुखणं नव्या स्वरूपात परत येतं.

गर एका बाजूला, नसेच्या वाटेवर जाऊन बसला असेल तर घशाकडून तो हाती लागत नाही. तेव्हा बाजूने किंवा वरून मणक्याची कमान उघडावी लागते. तुमच्या रिपोर्टमध्ये 'मध्यभागी, किंचित डावीकडे' असं आहे, त्यामुळे घशाकडूनचा रस्ता मला योग्य वाटतो. शेजारच्या गाद्यांमधला सुकलेला गर त्याच चिरेतून आधीच काढून टाकावा का, यावर सर्जन लोकांमध्ये मतभेद आहेत. डॅशहुंडची शेजारची गादीही कॅल्शियमने भरलेली दिसत असेल आणि भूल सुरळीत चालू असेल, तर मी काढते. सगळेच काढत नाहीत, आणि न काढणारे निष्काळजी आहेत असंही नाही.

धोका किती? कुत्रा चालत असताना, वेदनेसाठी केलेल्या या ऑपरेशनमध्ये दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त कुत्रे चांगले बरे होतात. मृत्यूचा धोका शून्य नाही, पण तुम्ही मनात धरला आहे त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. ऑपरेशननंतर काही दिवस चाल अडखळती होऊ शकते, आवाज बसू शकतो, गिळताना ठसका लागू शकतो, एका डोळ्याची बाहुली लहान दिसू शकते. यातलं बरंचसं आपोआप निवळतं. माझं लक्ष सर्वांत जास्त भुलेवर असतं. मानेच्या मज्जारज्जूजवळ काम चालू असताना हृदयाचे ठोके मंदावू शकतात, रक्तदाब घसरू शकतो. श्वासाच्या पडद्याला जाणाऱ्या नसाही मानेतूनच निघतात. भूल दिल्यावर मान आवळून धरणारे स्नायू सैल पडतात, त्यामुळे श्वासासाठी घशात नळी घालतानाच मान फार वर उचलली तर ऑपरेशन सुरू होण्याआधीच इजा होऊ शकते. म्हणून भूल देणारी व्यक्ती स्वतंत्र असावी आणि तिला काय ऑपरेशन आहे हे आधीपासून नीट माहीत असावं.

तेव्हा तुमच्या सर्जनना हे विचारा, संकोच करू नका. हे ऑपरेशन ते नियमित करतात का? भूल कोण देणार, आणि गरज पडली तर श्वास मशीनवर देण्याची सोय आहे का? रक्त लागलं तर दाता कुत्रा ठरवून ठेवला आहे का? पहिल्या रात्री त्याच्याजवळ कोण बसणार? हा शेवटचा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशन उत्तम झालं आणि रात्री दवाखान्याला कुलूप लागलं, तर उलटी श्वासनलिकेत गेली हे कळणार कोणाला? उत्तरं समाधानकारक नसतील तर दुसरी जागा शोधा. त्याच्या प्रकृतीला दोन-चार दिवसांचा अवधी आहे. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. त्यात भूल, राहणं, औषधं, नंतरच्या भेटी धरल्या आहेत का ते बघा, म्हणजे मधेच पैशांसाठी उपचार थांबवायची वेळ येणार नाही. खासगी खर्च आवाक्याबाहेर असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे. मणक्याची शस्त्रक्रिया सध्या कोण करतं आणि कुठल्या दिवशी, हे आधी विचारून मगच कुत्र्याला घेऊन जा. एवढी धडपड त्याच्या मानेला सोसणारी नाही.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? दोन झटके, दुसरा जास्त तीव्र, औषधं चालू असतानाही वेदना, एमआरआयवर स्पष्ट दाब आणि तो दाब लक्षणांशी जुळणारा. एवढं असताना मी प्लेटलेट पाहून, भुलेची तयारी करून ऑपरेशन केलं असतं, आणि याच आठवड्यात. माझं मत बदलेल ते एकाच परिस्थितीत: गेल्या महिन्यात खरी बंदिस्त विश्रांती झालेलीच नाही, त्याचे चारही पाय तपासणीत पूर्णपणे व्यवस्थित आहेत, आणि योग्य औषधं दिल्यावर तो शांत झोपतो आहे. मग चार आठवडे पिंजऱ्याचे देऊन पाहायला माझी हरकत नाही. मात्र त्यात उतार न पडता आठवडा-दहा दिवस गेले तर आणखी महिना घालवू नका. वेदनेत काढलेल्या दिवसांनी गादी बरी होत नाही, फक्त कुत्रा खंगतो.

ऑपरेशन केलंत तर पुढचं असं असतं. बहुतेक कुत्र्यांची मूळ वेदना पहिल्या काही दिवसांतच ओसरते. घरचे लोक फोन करून सांगतात की रात्री तो आडवा होऊन घोरत झोपला. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. मग पुन्हा चार ते सहा आठवडे तोच पिंजरा, कारण खिडकी कोरलेल्या जागी मजबुती यायला वेळ लागतो. कुत्र्याला बरं वाटतं आणि घरच्यांचा जीव पिंजऱ्यात ठेवताना तुटतो. इथे कठोर राहा. पाण्याचं आणि जेवणाचं भांडं छातीच्या उंचीवर, घास लहान. वजन वाढू देऊ नका. पुढे दुसरी गादी त्रास देणारच नाही असं वचन कोणी देऊ शकत नाही. मानेत नाही तर पाठीत. म्हणून हार्नेस, उड्या बंद, दिवाणाला छोटा उतार आणि बेताचं वजन हे त्याच्या आयुष्यभरासाठी आहे.

आणि आज रात्रीपासून या खुणांवर लक्ष ठेवा. पुढचा किंवा मागचा पंजा उलटा पडून नखं जमिनीवर घासायला लागली, उभं राहताना तो एका बाजूला कलंडला, आपण होऊन उठता येईना, लघवी अडली किंवा श्वास उथळ आणि भरभर चालू झाला, तर सकाळची वाट बघू नका. त्याला एका फळीवर किंवा कडक पुठ्ठ्यावर आडवं ठेवा, वरून चादरीने हलकं बांधा आणि सर्जनना फोन करून तसेच निघा. निघण्यापूर्वी काही खायला घालू नका, भूल द्यावी लागू शकते. एमआरआयची सीडी आणि आतापर्यंतच्या औषधांचे कागद एका पिशवीत घालून दाराशीच ठेवा.